काचेच्या होडीतला माणूस

म्हैसूर, ११ फेब्रुवारी १९८६

नागेंद्र कृष्णाजी यांस,

मायना सुचत नाही. कैलासवासी लिहावं, तर तुम्ही अंदमानात वंडूरच्या धक्क्यावर बिडी ओढत उभे होतात. सप्रेम नमस्कार लिहावा, तर हात पुढं जात नाही. बारा वर्षं ज्याच्या श्राद्धाला मी वडे तळले, त्याला पत्र कसं लिहायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही. म्हणून नुसतं नाव. ते तरी तुमचंच आहे ना अजून? तिथं सगळे किशनभाई, किशनभाई करत होते. स्वतःच्या वडिलांचं नाव उचललंत! अय्यो, जीभ कशी रेटली हो?

मी अनुसूया. तुमची बायको. म्हणजे विधवा. म्हणजे कोण, ते तुम्हीच सांगा, माझं डोकं चालत नाही. येऊन आठवडा झाला, घशाखाली घास उतरत नाही. आमच्या ऑफिसातली वरलक्ष्मी म्हणते, 'अनु, जहाज लागलंय तुला, लिंबू चोख.' चोखते. तिला काय सांगू, जहाज नाही गं, नवरा लागलाय?

तुम्हाला वाटत असेल, ही तिथं कुठून उगवली. ऐका. तुम्ही 'गेल्यावर' तुमच्याच संस्थेनं अनुकंपा म्हणून मला नोकरीवर घेतलं. टायपिंग शिकले. पहिली दोन वर्षं साहेबाची चाहूल लागली की बोटं भलत्याच अक्षरांवर पडायची. आता माझ्यावाचून त्या सेक्शनचं पान हलत नाही. सरकारी माणसाला फिरायला जायची एलटीसी मिळते, आणि एलटीसी मिळाली की आमचं सगळं ऑफिस अंदमानला जातं. मद्रासहून जहाज. तुमच्या आई, आमच्या अत्ते, तयार नव्हत्या. 'काळं पाणी ओलांडून जाणार? विधवा बाईनं? सोबत तरणी पोर?' तर आपली तुळसी म्हणाली, 'अज्जी, काळं नाही, निळं असतं. मी येऊन सांगेन तुला.'

पोर्ट ब्लेअरला उतरले आणि मी खुळ्यासारखी बघतच राहिले. एवढं हिरवं मी जन्मात पाहिलं नव्हतं. डोंगर थेट समुद्रात उतरलेले, झाडं पाण्यात पाय सोडून उभी. मामंजी म्हणायचे ना, कापडाला हिरवा रंग एका बुडीत येत नाही, आधी निळीत बुडवा, मग हळदीत. त्या बेटावर कुणी किती वेळा बुडवलं होतं देव जाणे. माउंट हॅरिएटवर चढलो. चिडिया टापूला सूर्य बुडताना पाहिला, आणि आमचे कॅशियर, जे चहाचा कप फुटला तरी नियम काढतात, ते सुद्धा गप्प झाले. मला वाटलं, आता मेले तरी चालेल. हे असलं मनात आणू नये म्हणतात ते खरंच आहे.

चौथ्या दिवशी जॉली बॉय बेट. पांढरी वाळू, माणसाची वस्ती नाही. तिथं काचेच्या तळाच्या होडीत बसवून पाण्याखालचं पोवळं दाखवतात. आम्ही बाराजण गोल बसलो, सगळ्यांची डोकी खाली. काचेखाली बाग होती हो. दगडाला फुलं आलेली, फुलांतून मासे जातायत, पिवळे पट्टेवाले, निळे. आणि डोक्यावरून एक आवाज हिंदीत सांगतोय, 'ये देखिए काथी. ये कुसुंबी. वो पीछेवाला डाळिंब साल का पीला.'

मला वाटलं, रंगाऱ्याचा कुणी असेल. आपली माणसं कुठं कुठं पोचलीत! बरंसुद्धा वाटलं. तेवढ्यात तुळसीनं विचारलं, 'अंकल, वो जो एकदम लाल है, वो?' आणि आवाज म्हणाला, 'वो मंजिष्ठ, बेटी. दूसरी बुडी का.'

बुडी! रंगासाठी हा शब्द आपल्या घराबाहेर मी कधी ऐकलेला नाही. माझी मान वर होईना. काचेतला तो लाल बघत राहिले, आणि काचेतच तुमचं तोंड दिसलं. मग वर पाहिलं. तुम्ही पाहिलंत. हातातली काठी पाण्यात पडली, ती सुद्धा काढली नाहीत. केस पांढरे झालेत, पुढचा दात गेलाय, पण तुम्हीच. मी त्या होडीत ओकले. वरलक्ष्मीनं पाठ चोळली, तुळसीनं पाणी दिलं, आणि किनारा लागायच्या आत तुम्ही उडी टाकून दुसऱ्या होडीत चढलात. संध्याकाळी वंडूरच्या धक्क्यावर लांबून पुन्हा दिसलात, आणि 'किशनभाईं'चा पत्ता मी तिथल्या तिकीटवाल्याकडून लिहून घेतला. तुमच्या मुलीनं तुम्हाला अंकल म्हटलं, नागेंद्रराव. तुम्ही तिला बेटी म्हणालात. ती घरी येऊन अज्जीला सांगते, 'तो गाइड इतका छान होता ना, रंगांची नावं आपल्यासारखीच घ्यायचा!'

मी कुणाला काही सांगितलेलं नाही. तोंडाला कुलूप. रात्री उठून बसते, आणि अत्ते विचारतात, 'समुद्राचं स्वप्न पडलं काय गं?' हो म्हणते.

नंजनगूडच्या जत्रेला म्हणून गेलात. चार दिवसांनी कपिलेच्या पात्रात प्रेत सापडलं. तोंड ओळखू येत नव्हतं, पण अंगावर उपरणं होतं, आपल्या घरचं. दसऱ्याला मामंजी घरच्या पुरुषांपुरती छापायचे तेच, देठाशी टवका उडालेल्या जुन्या कोयरीच्या लाकडी ठशाचं. बाजारात एक वार सुद्धा कधी विकलं नाही. पोलिसानं विचारलं, खात्री आहे? मामंजी म्हणाले, 'माझा ठसा मी ओळखणार नाही?' तिथं कुणाची बोलायची टाप होती! बायकांना दाखवलंच नाही.

मग तो कोण होता? आणि तुम्ही कोण?

उत्तर ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा. घरी पाठवाल तर अत्तेंच्या जिवाला मी जबाबदार नाही.

अनुसूया

म्हैसूर, १९ मार्च १९८६

नागेंद्रराव,

तुमचं पत्र आलं. बाथरूमची कडी लावून वाचलं, आमच्या ऑफिसात रडायला दुसरी जागा नाही. पण रडू आलं नाही.

मला वाटलं होतं, डोक्याला मार लागला असेल, काही आठवत नसेल. सिनेमात होतं तसं. किंवा कुणी जहाजावर डांबून नेलं असेल. तुमच्या बाजूनं मीच गोष्टी रचत होते हो, बाराशे मैलांवरून! आणि तुम्ही लिहिता, तसं काही नाही. वडिलांशी भांडण झालं, ऑफिस सुटल्यावर पुन्हा छापायच्या टेबलाशी उभं राहायचा कंटाळा आला, चार दिवस कुठं तरी जावं म्हटलं. घाटावर एक माणूस तापानं कुडकुडत होता, त्याच्या अंगावर उपरणं टाकलं आणि बस पकडली. बरं. इथवर मी समजू शकते. मामंजींचा तिरसटपणा मीही सोसलाय. त्या तापलेल्या माणसाला पांघरूण घातलंत, ते चांगलंच केलंत.

पण पुढचं? पुढचं वाचून मी पत्र उलटं धरलं, की आपण चुकून दुसऱ्याचं वाचतोय.

तुम्ही परत आला होतात!

दहाव्याच्या दिवशी आला होतात. टॉवेल डोक्यावरून घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभे होतात. फुलवाला नवीन होता, त्याला विचारलंत कुणाचं काय आहे, आणि तो म्हणाला, रंगारी कृष्णाजींचा थोरला बुडाला. तुम्ही लिहिता, 'मला आधी हसू आलं. मग घाबरलो. आणि मग एकदम हलकं वाटलं. वाटलं, सुटलो.' पुढं लिहिता, 'परसातून तुझी किंकाळी ऐकू आली. पाय आत वळले होते. पण वळलो नाही.'

त्या वेळी परसात काय चाललं होतं, ठाऊक आहे ना? तुम्हाला ठाऊक नसायला तुम्ही काही परदेशातले नाही. गल्लीतल्या चार बायकांनी मला धरलं होतं. बांगड्या फोडताना मी हात आखडला, काच मनगटात घुसली. मी ओरडले ते दुखलं म्हणून नव्हे. मी तुम्हाला हाक मारत होते. नाव घेऊन. बायकोनं नाव घेऊ नये म्हणतात, पण मेलेल्याला काय, म्हणून घेतलं. ते तुम्ही ऐकलंत. वीस पावलांवरून ऐकलंत, आणि तुम्हाला हलकं वाटलं!

मामंजी दोन वर्षांत गेले. शेवटी शेवटी ते कोयरीचा ठसा उशाशी घेऊन झोपायचे. त्यांना कोण हलकं करणार होतं?

मला वाटायचं, माणूस मरतो हा सगळ्यांत मोठा धक्का. नाही हो. जिवंत सापडतो हा त्याहून मोठा. आणि आला होता, ऐकून गेला, हे कळणं म्हणजे... नाही सांगता येत. बाथरूमच्या दारावर कुणीतरी थापा मारल्या तेव्हा मला कळलं की मी मोठ्यानं बोलत होते.

अत्ते रोज संध्याकाळी मला जवळ बसवून बेटाचं सांग म्हणतात. त्यांना ती पाण्याखालची बाग फार आवडलीय. 'किती खोल गं? मासे माणसाला भीत नाहीत? आणि तो दाखवणारा, तो कुठला गं?' मी म्हणते, तिकडचाच कुणी. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मासे पिवळे होते, काल निळे झाले. अत्ते म्हणाल्या, 'तू काहीतरी लपवायलीस.'

पत्र पाठवू नका काही दिवस. मला नीट श्वास घेऊ द्या.

अनुसूया

म्हैसूर, १९ एप्रिल १९८६

नागेंद्रराव,

पाठवू नका म्हटलं तर तीन पाठवलीत. आता म्हणता, घरी यायचंय. आईचे पाय धरायचेत, मुलीला जवळ घ्यायचंय, 'आणि तुझ्याबरोबर उरलेलं आयुष्य.' वा! तिकडं पावसाळ्यात होड्या बंद पडतात, दम लागतो, स्वतःच्या हातच्या जेवणाला चव नाही, म्हणून आयुष्य आठवलं. आयत्या बिळात नागोबा! आणि नावही नागेंद्रच. रागावू नका, हसू आलं म्हणून लिहिलं. फार दिवसांनी आलं.

पण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मी घाबरलेय, आणि ते तुम्हाला स्पष्ट सांगते. तुम्ही मेलात तेव्हा माझ्याजवळ काही नव्हतं. आज जे काही आहे ते सगळं तुमच्या मरणावर उभं आहे. नोकरी तुमच्या मरणाची. पेन्शनीचा कागद तुमच्या मरणाचा. गल्लीत मला मान आहे, तो पोरीला एकटीनं वाढवलं म्हणून. महिन्याच्या पहिल्या तारखेला मी माझी सही करते, आणि घरी येताना देवराज मार्केटातून माझ्या मनाला येईल ती भाजी घेते. वांगी तुम्हाला आवडत नसत, म्हणून आठ वर्षं घरात वांगं शिजलं नाही, ते आता शिजतं. तुम्ही जिवंत झालात की मी काय होणार? पुन्हा तुमचं ताट वाढून उभी राहणार? एकाच वेळी विधवा नाही आणि सवाष्ण नाही? तुम्हाला घर पाहिजे. मला माझं आयुष्य पाहिजे, आणि ते तुम्ही उंबऱ्यावर पाय ठेवला की तुमचं होणार. याचीच मला धास्ती आहे, दुसरी कशाची नाही.

वाटलं होतं, कुणालाच सांगू नये. तुम्ही तिकडं किशन, मी इकडं विधवा, चाललंय तसं चालू दे. पण समोर अत्ते. सत्तर ओलांडल्या. रोज सकाळी तुमच्या फोटोला पहिलं फूल. ही बाई जिवंत पोराच्या फोटोला हार घालते आणि मी बघत बसायचं? नाही जमलं.

रामनवमीच्या आदल्या दिवशी, पानकासाठी गूळ फोडत होत्या. मी म्हणाले, 'अत्ते, बत्ता खाली ठेवा.' ठेवला. म्हणाले, 'तो दाखवणारा आपला नागेंद्र होता.'

मला वाटलं आता ही बाई खाली पडणार. पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बसले होते. त्या पडल्या नाहीत. माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'दात आहेत काय?' म्हटलं, पुढचा एक गेलाय. 'बारीक झालाय?' म्हटलं, हो. मग मी सगळं सांगितलं, उपरणं, घाट, दहावा, सगळं. किंकाळीचं सांगताना त्यांनी माझं मनगट हातात घेतलं. जिथं काच घुसली होती तिथंच अंगठा ठेवला, सोडेनात.

आणि मग, नागेंद्रराव, त्यांनी एक विचारलं. मी दोन महिने तुम्ही, मी, तुम्ही, मी करत होते, माझ्या डोक्यात सुद्धा आलं नव्हतं. त्या म्हणाल्या,

'मग आपण कुणाचं पोर जाळलं गं?'

त्या उठल्या, फोटोपाशी गेल्या, परत आल्या. 'त्याची आई वाट बघत असेल. अजून बघत असेल. आपण तिला कळवलं नाही. तिचं पोर आपलं म्हणून जाळलं, आणि ती बसलीय दाराशी.' मग रडल्या. तुमच्यासाठी नाही हो, त्या बाईसाठी. गूळ तसाच पडून, मुंग्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी अनंतकृष्ण शास्त्रींना बोलावलं. अत्तेंनी पहिलं विचारलं ते तुमचं नाही. विचारलं, ज्याचं नाव-गोत्र माहीत नाही त्याचं श्राद्ध करता येतं काय? शास्त्री म्हणाले, येतं. 'मग ते चालू ठेवायचं. दरवर्षी. माझ्या मागं ही करेल.' मी हो म्हटलं.

तो घाटावरचा माणूस कसा होता? उंच होता काय? काही बोलला काय? आठवून लिहा. अत्ते विचारतायत.

अनुसूया

म्हैसूर, ५ मे १९८६

नागेंद्रराव,

थोडक्यात लिहिते, ऑफिसला उशीर होतोय.

'कन्नडात बोलला, आपली म्हैस हरवली म्हणत होता,' एवढं तुम्ही लिहिलंत. अत्ते म्हणाल्या, सरगूरकडचा असेल. तुमच्या धाकट्या भावाला, गंगाधरराव भावोजींना, त्या बाजूला पाठवलं. गावोगाव विचारतायत, बारा वर्षांमागं कुणाचा माणूस जत्रेहून परतला नाही का. भावोजी वैतागलेत, 'सुम्मने, उगाच कशाला उकरायचं' म्हणतात. पण आईपुढं त्यांचं काय चालतंय.

तुमचं असं. शास्त्रींनी पोथी काढली. ज्याचे अंत्यविधी झाले तो परत आला, तर त्याला घरात तसाच घेता येत नाही. तो मेलेलाच. त्याला पुन्हा जन्माला यावं लागतं. खरंच! अंगावर तुपाची धार, मग कांबळ्यात गुंडाळून आईच्या पोटाशी बसायचं, मग अंघोळ, जातकर्म, नाव ठेवणं, पुढं लहान मुलाचं सगळं क्रमानं. सेहेचाळीस वर्षांचं बाळ! तुळसीनं ऐकलं आणि आधी हसली, मग दार लावून घेतलं. तिला मी सगळं सांगितलंय. ती म्हणाली, 'मी त्यांना अंकल म्हटलं होतं ना? सध्या तेच म्हणेन.' तिला जबरदस्ती करायची नाही, आधीच सांगते.

ऑफिसात साहेबांना स्वतः जाऊन सांगितलं. ते इतके दचकले की त्यांचा चष्मा चहात पडला. मग म्हणाले, 'तुम्ही फसवलं नाहीत, तुम्हालाही फसवलं गेलं, मी दिल्लीला तसं लिहितो.' नोकरी राहील की जाईल, सांगता येत नाही. पण कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

जून महिन्यात मुहूर्त काढलाय. या. धोतर नवीन आणा. बिडी आणू नका.

अनुसूया

म्हैसूर, ३० जून १९८६

नागेंद्रराव,

तुमचं मद्रासच्या बंदरावरून टाकलेलं कार्ड मिळालं. परत जहाजात चढायच्या आधी एकच ओळ लिहिलीत, 'तुला हे कुणी शिकवलं?' म्हणजे तुम्हाला काय वाटतं, आईनं? वरलक्ष्मीनं? पोरीनं? तुमचं बरोबर आहे म्हणा, तुम्ही तेव्हा मधल्या खोलीत कांबळ्यात होतात, डोक्यावरून ठिबकणारं तूप पुसत. स्वयंपाकघरात काय झालं ते तुम्हाला दिसलं नाही. नंतर भावोजींनी एवढंच सांगितलं की विवाहाचा विधी होणार नाही. म्हणून सांगते.

तुम्ही दारात उभे राहिलात तेव्हा माझ्या मनात काय आलं ते आधी. दया आली. खोटं कशाला बोलू? पाठ वाकलेली, हातात ती शंख-शिंपल्यांची पिशवी, गल्ली सगळी ओट्यांवर येऊन बघतेय. अत्तेंनी तुम्हाला पोटाशी धरलं तेव्हा मीही रडले. त्या रडण्यात काही खोट नव्हती. आई म्हणून त्यांना पोर मिळालं, मला आनंद झाला. दोन दिवस तुम्ही ओसरीवर झोपलात, तुळसीला माशांची नावं सांगितलीत, तिनं ऐकून घेतली. मला वाटू लागलं, होईल. सवय होईल. बायकांना सगळ्याची सवय होते.

तिसऱ्या दिवशी विधी. तुम्हाला गुंडाळून बसवलं, अत्ते तुमच्याजवळ. मी चुलीवर अंघोळीचं पाणी ठेवलं होतं. पाणी तापलं काय बघायला अत्ते आत आल्या, त्यांच्या मागून शास्त्री, त्यांच्या मागून भावोजी. तुळसी दाराशी. शास्त्री जरा घुटमळले. म्हणाले, 'अम्मा, जातकर्म, नामकरण होईल. पुढं विवाह आहे. तो पुन्हा करावा लागतो, आधीच्याच पत्नीशी. त्याआधी एक विचारायला हवं.' आणि माझ्याकडं वळले. 'अनुसूयाबाई, तुमची संमती आहे काय?'

भावोजी हसले. 'तिला काय विचारता शास्त्री? बायकोच आहे की त्याची.'

'होती,' शास्त्री म्हणाले. 'तो माणूस गेला. हा नव्यानं जन्मलेला. विचारल्याशिवाय मला मंत्र म्हणता येणार नाही.'

आपल्या लग्नात मला कुणी विचारलं नव्हतं. तुमच्या घरचे बघायला आले, रंगाच्या डागांनी निळी झालेली माझ्या अप्पांची बोटं बघून म्हणाले, 'आपलंच घर आहे,' आणि तांदूळ डोक्यावर पडले. विधवा व्हायला काय वाटतं, हेही कुणी विचारलं नाही, हात धरले आणि बांगड्या फोडल्या. नोकरी करशील काय विचारलं नाही, फॉर्मवर सही घेतली. आणि इथं, चाळीस उलटल्यावर, चुलीपुढं धुरात उभी असताना, पुस्तकातून बघून एक माणूस मला विचारतोय, तुला पाहिजे काय? मी इतकी दचकले की आधी मागं वळून पाहिलं, दुसरं कुणी उभं आहे काय.

मग मला तुमची वीस पावलं आठवली. मी तुमच्या नावानं ओरडतेय, आणि तुम्ही ऐकताय. त्या दिवशी तुम्हालाही कुणीतरी विचारलंच होतं की, नागेंद्रराव. माझ्या आवाजानं विचारलं होतं. तुम्ही उत्तर देऊन गेलात.

मी म्हणाले, 'नाही.'

कुणाला ऐकू गेलं नाही वाटून पुन्हा म्हणाले, 'नाही, शास्त्री. त्यांनी यावं, आईकडं राहावं, मुलीला भेटावं. मी जेवायला वाढेन, जसं पाहुण्याला वाढते तसं. पण माझी संमती नाही.'

भावोजींचं तोंड उघडंच राहिलं. 'वहिनी, शुद्धीवर आहात काय? गल्ली तोंडात शेण घालेल. आलेल्या नवऱ्याला नाही म्हणणारी बाई मी उभ्या जन्मात...' मला वाटलं, आता अत्ते. ज्या बाईनं बारा वर्षं मला जवळ घेऊन झोपवलं, तिच्या पोराला मी तिच्यासमोर नाकारलं. त्यांच्याकडं बघायची हिंमत होईना. पदराचं टोक तोंडात धरून चुलीकडं बघत उभी राहिले.

अत्ते म्हणाल्या, 'गंगाधरा, तिला विचारलं. तिनं सांगितलं. तुला कुणी विचारलं काय?'

आणि शास्त्रींना म्हणाल्या, 'विवाहाचं राहू द्या. माझं मूल तिथं अंघोळीवाचून बसलंय. पाणी निवायलंय.' घंगाळाचा एक कान त्यांनी धरला, दुसरा मला धरायला सांगितला.

कुणी शिकवलं विचारता. कुणी नाही. मला विचारलं, म्हणून मी सांगितलं.

अनुसूया